माझ्या नावाची नदी

मी दिवसभर लोकांची नावं पुकारते. गंगापूर रोडला एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते. समोर बाकांवर पेशंट बसलेले असतात, डोळ्यांत थेंब घातलेले, डोळे मिटलेले. मी फाईल उचलते आणि नाव घेते. कुणीतरी दचकतं, "आलो, आलो" करत चाचपडत उठतं. आपलं नाव ऐकलं की माणसाचा चेहरा कसा जागा होतो ते मी रोज बघते. डोळे मिटलेले असले तरी मान वर होते. मला तसं कधी झालेलं नाही. माझं नाव कुणी मोठ्यानं घेतलं की आधी मान खाली जाते, आणि मग मी ओ देते.

काउंटरवर माझ्या नावाची पाटी आहे. वाट बघून कंटाळलेली माणसं ती वाचतात. "वा, वेगळंच नाव आहे हो तुमचं. अर्थ काय त्याचा?" मी सांगते, "नदीचं नाव आहे. हिमालयात, लांब." इतक्या वर्षांत कुणी नकाशा काढून बघितलेला नाही. एकदा भूगोल शिकवून रिटायर झालेल्या एका सरांनी मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "कुठल्या खोऱ्यात?" मी म्हटलं, "सर, डोळे मिटा, बाहुली मोठी व्हायचीय अजून."

अशी नदी कुठेही नाही. माझ्या नावाचा अर्थ आहे शेवट. म्हणजे झालं तेवढं बास, आता पुढची नको. ते नाव मी इथे लिहिणार नाही. जन्मभर फॉर्मांवर आणि पाट्यांवर लिहून झालंय, निदान या पानांवर तरी मला त्याचं तोंड बघायचं नाही.

आम्ही मूळचे मखमलाबादच्या बाजूचे. वडील फुलं करायचे. झेंडू, शेवंती, मग गुलाब. पहाटे तोडायची आणि टेम्पोत घालून नाशिकच्या फुलबाजारात न्यायची. घरात तीन मुली होत्या आणि मी चौथी झाले. माझ्या जन्माच्या दिवशी वडील बाजारातून घरी आलेच नाहीत, तिथेच कुणाच्या तरी गाळ्यावर बसून राहिले म्हणतात. आजीनं आईच्या पुढ्यात बाळंतिणीचं ताट ठेवलं, पण त्यात तूप नव्हतं. वडिलांचं दुसरं लग्न करायची भाषा ओसरीवर सुरू झाली, आणि ती आईला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली. हे सगळं मला आईनंच सांगितलंय, भाजी निवडता निवडता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

मग शेजारणींनी तोडगा काढला. पोरीचं नावच असं ठेवा की देवाला समजलं पाहिजे. गावात अशा मुली होत्या. हाक मारली की अख्ख्या आळीला कळायचं की ही नको होती. आमच्याकडेही तसलंच नाव ठेवायचं ठरलं होतं. पण वडिलांचे एक चुलतभाऊ प्राथमिक शाळेत मास्तर होते. ते म्हणाले, "अरे, पोरगी उद्या शाळेत जाईल. हजेरी घेताना बरं दिसेल का ते? अर्थ तोच ठेवू, शब्द चांगला घेऊ." आणि त्यांनी संस्कृतातला शब्द काढून दिला. ऐकायला गोड, लिहायला सुबक. कालच्या फुलांवर पाणी मारून ताजी म्हणून वर रचतात ना, त्यातलाच प्रकार. मास्तरकाका शेवटपर्यंत अभिमानानं सांगायचे की तुझं नाव मी ठेवलंय बरं का. मी वाकून नमस्कार करायचे. काय करणार!

आणि कपाळ माझं, नावाला गुण आला. माझ्या पाठीवर भाऊ झाला.

त्याच्या बारशाच्या दिवशी मला पाटावर बसवलं, फ्रॉकची मागची बटणं काढली आणि आजीनं माझ्या उघड्या पाठीला हळदकुंकू लावलं. ओवाळलं. गुळाचा खडा तोंडात घातला. ज्या पाठीवर भाऊ येतो ती पाठ पुजायची, अशी आमच्याकडची रीत. मी फार लहान होते, पण कुंकवाचा तो ओला गार ठिपका मला आठवतो, किंवा इतक्यांदा ऐकलंय की आठवतोय असं वाटतं. त्या दिवसापासून मी घरात पायगुणाची झाले. आजी मला जवळ घेऊन झोपायला लागली. गावात कुणाचं डोहाळजेवण असलं की मला मुद्दाम बोलावणं यायचं. पोटुशीच्या शेजारी बसवायचे, तिच्या ताटातला घास मला भरवायचे. तिन्ही बहिणी दारात उभ्या राहून बघायच्या. मला वाटायचं, माझ्यात काहीतरी आहे.

काय होतं ते आठवीत कळलं. शाळेत संस्कृतच्या बाई नवीन आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकीला उभं केलं, नाव विचारलं आणि त्याचा अर्थ सांगितला. कुणी चांदणं निघाली, कुणी पहाट, कुणी पूजेची वात. वर्ग नुसता खिदळत होता. माझी पाळी आली. मी ताठ उभी राहून नाव सांगितलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हणाल्या, "बस. पुढची."

घरी येऊन मास्तरकाकांना गाठलं. त्यांनी तर आनंदानं फोड करून सांगितली. मी आईकडे गेले. ती शेवंती निवडत बसली होती. मी म्हटलं, "आई, मी नको होते का गं?" तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "तुला नाय गं बाई म्हटलं कुणी. ते नाव तुला नव्हतं ठेवलं, देवाला निरोप होता तो."

आज कुणी असं बोललं तर मी फाडकन विचारीन की निरोप देवाला होता, तर तो जन्मभर मी का वागवायचा? पत्र पोचल्यावर पोस्टमनला सोडतात ना घरी? पण तेव्हा हे सुचलं नाही. सुचलं असतं तरी बोलले नसते. आईचे हात बघत बसले, बस.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मी इगतपुरीला मावशीकडे राहायला गेले. मावशीचे यजमान रेल्वेत होते. संध्याकाळी आम्ही पोरी फलाटावर जाऊन बसायचो. गाडी तिथे बराच वेळ थांबायची, लोक वडे घ्यायला उतरायचे. एकदा एक बाई डब्याच्या दारातून आपल्या मुलीला हाका मारत होती. मुलगी वड्याच्या गाडीपाशी रेंगाळलेली. गाडी सुटायला अजून अवकाश होता, तरी त्या बाईचा जीव नुसता टांगणीला लागला होता. काय हाक होती ती! आणि नावाचा अर्थ असा की वाट पाहून पाहून मिळालेली. मला तो लगेच कळला, त्याला संस्कृतच्या बाई लागल्या नाहीत.

ते नाव मी उचललं. दुसऱ्या दिवसापासून क्वार्टर्समधल्या नव्या पोरींना मी माझं नाव तेच सांगितलं. त्या मला तीच हाक मारायच्या. आठवडाभरच चाललं हे. पण त्या आठवड्यात मी कशी चालायचे, कशी हसायचे, ते मला अजून आठवतं. मावसबहीण म्हणायची, तुला काय झालंय गं, येड लागलंय का?

मग निरोप आला की धाकट्याला टायफॉइड झालाय, दवाखान्यात ठेवलंय. मला आणि मावसबहिणीला घेऊन मावशी तडक नाशिकला आली. भाऊ सलाईन लावून पडला होता, ओठ फुटलेले. माझा जीव होता तो. त्याला मी कडेवर वाढवलाय, पाळण्याची दोरी माझ्याच हातात असायची. आणि तिथे कॉटच्या पायथ्याशी मावसबहिणीनं आईला सहज सांगून टाकलं, "मावशी, हिनं तिकडं नाव बदललं होतं."

आईनं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो घरी आल्यावर तिनं मला देवापुढं बसवलं, माझा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "म्हण, मी माझं नाव टाकणार नाय." मी म्हटलं. तो खुदूखुदू हसत होता, त्याला खेळ वाटला.

आता मी शिकलेली बाई आहे. डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते. टायफॉइड कशानं होतो ते मला ठाऊक आहे. त्या वर्षी आमच्या विहिरीचं पाणी कसं होतं तेही ठाऊक आहे. तरीसुद्धा नवऱ्यानं कितीतरी वेळा म्हटलं की एवढा त्रास होतो तर गॅझेटमध्ये बदलून घे, चार कागदांचं काम आहे, आणि माझा हात काही धजला नाही. सहीसाठी पेन उचललं की भावाचे ते फुटलेले ओठ समोर येतात. हसा खुशाल. मीही हसते.

नवऱ्याचं आलंच आहे तर त्याचंही सांगते. आमच्यात लग्नानंतर मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. माझ्या मैत्रिणी या रीतीच्या नावानं बोटं मोडायच्या. आमची ओळख पुसता म्हणजे काय, असं भांडायच्या. मी मात्र लग्न ठरल्यापासून त्या ताटाची वाट बघत होते. मनात म्हणायचे, आईनं वदवून घेतलं ते मी टाकणार नाही असं. दुसऱ्यानं बदललं तर तो माझा गुन्हा नाही. देव एवढं तरी समजून घेईल. इगतपुरीचं ते नाव मी होणाऱ्या सासूच्या कानावरही घालून ठेवलं होतं, सहज बोलता बोलता.

ताट आलं. तांदूळ पसरले. सगळ्या बायका वाकून बघायला लागल्या. नवऱ्यानं अंगठी हातात घेतली आणि घसा खाकरून म्हणाला, "मला कुणाची ओळख पुसायची नाही. तिचं नाव तिचंच राहील." आणि त्यानं तांदळात माझंच नाव लिहिलं, जसंच्या तसं, वळणदार अक्षरात. टाळ्या वाजल्या. मैत्रिणींनी तर शिट्ट्या मारल्या. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि सगळ्यांना वाटलं की आनंदानं रडतेय. माणूस चांगला आहे हो, त्याला काय बोलायचं? पुढे कधीतरी सगळं सांगितलं तर कपाळावर हात मारून म्हणाला, "अगं, आधी बोलायचंस ना!"

हे सगळं गिळून मी जगत होते. गिळायची सवय होते. मला मूल झालं नाही, तेव्हा एका नणंदेनं माझ्या नावाकडे बोट दाखवलं, तेही गिळलं. पण मग भावाला दुसरी मुलगी झाली.

भावानं वडिलांच्या मागे शेती छान वाढवली होती. पॉलिहाऊस घातलं, मळ्यातच बंगला बांधला, गुलाब मुंबईला जायला लागला. भावजय पिंपळगाव बसवंतची, बी.एस्सी. झालेली, हुशार आणि अबोल. पहिली मुलगी झाली तेव्हा पेढे वाटले. दुसरी झाली तेव्हा मी दवाखान्यात धावत गेले, तर आई बाहेर बाकावर बसलेली. मला बघून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "नाव ठरलंय."

"अगं, अजून तोंड तरी बघू दे. काय ठरलंय?"

आईनं माझं नाव सांगितलं.

मला आधी वाटलं की ती मला हाक मारतेय. मी म्हटलंसुद्धा, "काय गं?"

"तुला नाय. तिचं नाव. तुझंच ठेवायचं. गुण आलेलं नाव हाय, दुसरीकडं कशाला शोधायचं?"

मी तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, तोंड सोडलं. म्हटलं, आई, तुला काही वाटतं का गं? त्या पोरीनं तुझं काय वाईट केलंय? ती अजून चोवीस तासांची नाही आणि तिच्या कपाळावर बास म्हणून लिहून मोकळी होतेस? माझं झालं तेवढं पुरे नाही का? आई एवढंच म्हणाली, "मला चार पोरी झाल्या तेव्हा माझ्या ताटात तूप नव्हतं. तिच्या ताटात असावं म्हणून म्हणते."

भावाशी भांडायचं म्हणून दुसऱ्या दिवशी मळ्यात गेले. तो पॉलिहाऊसमध्ये गुलाबाच्या कळ्यांना जाळीच्या टोप्या चढवत होता. माझं सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "ताई, आईची श्रद्धा आहे. तिचं वय झालंय. आणि नाव तसं वाईट कुठे आहे? किती लोक चांगलं म्हणतात." मी म्हटलं, "अर्थ माहीत आहे ना तुला?" तर हसून म्हणाला, "माहीत आहे की. अगं, त्या नावामुळे तर मी आहे. तुझं काय वाईट झालं त्या नावानं, सांग बरं?"

काय सांगायचं? माझ्या देखत लहानाचा मोठा झालेला तो, मिशीला पांढरे केस आलेले, हातात कात्री. माझ्या नावाचा सगळा नफा समोर उभा होता आणि तो मला जिवापाड आवडत होता. त्याला मी कुठल्या तोंडानं सांगणार होते की तू नसतास तरी चाललं असतं, पण मला एक साधं नाव हवं होतं? मला तसं वाटतही नाही. तिथेच तर सगळा घोळ आहे. मी घरी आले आणि दोन दिवस जेवले नाही.

बारशाच्या सकाळी भावजयीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. घुगऱ्या शिजत होत्या. तिनं दार लोटलं आणि माझा हात धरला. म्हणाली, "ताई, मी काही बोलू शकत नाही. मी बोलले तर मलाच मुलगा नकोय असं होईल. पण तुम्ही आत्या आहात. कानात नाव तुम्ही सांगणार. तुम्ही सांगाल ते नाव. नंतर कोण काय करणार आहे?"

खरंच की. आमच्याकडे बाळाचं नाव आत्याच ठेवते. बाळाच्या कानाशी वाकायचं, कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं आणि मग सगळ्यांना मोठ्यानं ऐकवायचं. कानात जाईल ते नाव पक्कं. या घरात ज्या पोरीला नाव नको म्हणून दिलं होतं तिच्याच तोंडात आता नाव ठेवायचा मान होता. मी भावजयीला इगतपुरीचं नाव सांगितलं. अर्थ सांगितला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "हेच," म्हणाली. "हेच सांगा." त्या क्षणी मला वाटलं की तीसेक वर्षं मी ते नाव सांभाळलं ते यासाठीच. माझ्यासाठी ते नव्हतंच, या पोरीसाठी होतं.

दिवाणखान्यात पाळणा आमच्याच गुलाबांनी मढवला होता. मागच्या भिंतीवर फुग्यांची कमान आणि मधे एक गुलाबी पडदा. मला वाटलं, शोभेसाठी असेल. बायका जमल्या, पाळण्याच्या वरून खालून बाळाला देऊन घेऊन झालं. मग मला पुढे ढकललं. मी वाकले. बाळाच्या कानाला दुधाचा वास येत होता. मी कुर्रर्र केलं. आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात, तशा सगळ्या बायका हसत हसत माझ्या पाठीत धपाधप मारायला लागल्या. ज्या पाठीची पूजा झाली होती त्याच पाठीवर. मी त्या माराखाली तिला ते नाव सांगितलं. अगदी सावकाश, स्पष्ट. मग ताठ उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. तेवढ्यात फोटोग्राफरनं खूण केली आणि भावानं दोरी ओढली. पडदा बाजूला झाला. सोनेरी अक्षरांत, दिव्यांच्या माळेत, भिंतभर माझं नाव.

एक बाई फिस्सकन हसली. मग सगळ्याच. "अगं बाई, आत्या स्वतःचंच नाव विसरली!" "गोंधळली बिचारी, मारलंच किती जोरात तुम्ही!" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी भावजयीकडे बघितलं. ती साडीच्या काठावरचा नसलेला दोरा ओढत होती. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, व्हिडिओत चुकीचं नाव आलंय. पुन्हा एकदा घेऊ. वाका परत, आणि बरोबर नाव घ्या."

मी म्हटलं, "मी बरोबरच घेतलंय." पण हसण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. भाऊ जवळ आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "ताई, प्लीज. सगळे बघतायत." आई पाळण्याच्या पलीकडे उभी होती. ती रागावलेली नव्हती. हात जोडून उभी होती, देवळात उभं राहतात तशी, माझ्याकडे बघत.

मी पुन्हा वाकले. पुन्हा धपाटे पडले. आणि मी त्या पोरीच्या कानात माझं नाव सांगितलं. माझ्या तोंडानं. टाळ्या वाजल्या, घुगऱ्या वाटल्या, व्हिडिओ छान आला. आजही भावाच्या फोनमध्ये तो आहे. पहिलं नावही तिच्या कानात गेलंय ना, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होते. डोंबल! कानात काही राहत नसतं.

आणि यंदा भावाला मुलगा झाला.

मला फोन आईचाच आला. आवाजात काय जोर होता! "बघ, मी म्हटलं होतं." मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? भाऊ फोनवर रडत होता, मीही रडले. भावजयीला भेटायला गेले तेव्हा तिच्या ताटात वरणभातावर तुपाची धार होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मीही विषय काढला नाही.

बारशाच्या दिवशी धाकटीला पाटावर बसवलं. ती आता केजीत जाते. परकराची चोळी मागून सोडली. आई आता थकली आहे, तिचा हात कापतो. कुंकवाची वाटी तिनं माझ्यापुढे धरली. "तूच लाव. तुझ्याच नावाची हाय." मी बोट बुडवलं आणि त्या एवढ्याशा पाठीवर टेकवलं. ती खिदळली, "आत्या, गार गार!" आईनं ओवाळलं, गुळाचा खडा तोंडात घातला. सगळ्या बायका तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडत होत्या. ती नुसती फुलली होती. मोठी बहीण दाराला टेकून बघत होती.

जेवणं झाल्यावर मी मागच्या ओट्यावर जाऊन बसले. समोर पॉलिहाऊसचं प्लॅस्टिक वाऱ्यानं फडफडत होतं. धाकटी आली आणि मांडीत बसली. तोंडाला गुळाचा वास.

"आत्या, माझं नि तुझं नाव सेम आहे. मी टीचरना सांगितलं."

"हो का?"

"हो. टीचर म्हणाल्या, घरी जाऊन अर्थ विचारून ये. उद्या सगळ्यांनी सांगायचाय." तिनं माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "काय गं अर्थ?"

आमच्या संस्कृतच्या बाई आठवल्या. निदान त्यांनी तोंड मिटून घेतलं होतं. हिची टीचर काय करील?

"नदी आहे," मी म्हटलं. "हिमालयात. लांब."

"मोठ्ठी?"

"मोठी."

"आपल्या गोदावरीपेक्षा?"

"हो."

माझ्या नावाची नदी, आपल्या नावाची नदी, असं ती स्वतःशीच दोनचार वेळा म्हणाली. मग म्हणाली, "मला बघायचीय. मी मोठी झाले की आपण दोघीच जाऊ. जाऊ ना?"

"जाऊ," मी म्हटलं.

आतून बाळ रडायला लागलं. आईनं हाक मारली आणि आम्ही दोघींनी एकदमच ओ दिली. "तू नाय गं," आई आतूनच म्हणाली, "तिला पाठव. पाळण्याची दोरी धरायला." धाकटी माझ्या मांडीवरून उतरली आणि पळत आत गेली. तिच्या चोळीच्या मागच्या गाठी कुणी बांधल्याच नव्हत्या.